बाईंची डिस्पोजलची गाडी

आमच्या मोठ्या बाईंसमोर ‘गाडी बिघडली’ असं म्हणायची सोय नव्हती. ‘बिघडली’ हा निकाल झाला, असं त्या म्हणत, आणि निकाल शेवटी द्यायचा असतो. आधी काय दिसलं ते सांगायचं. गाडी कुठे उभी होती, इंजिन किती वेळ चाललं होतं, किल्ली फिरवल्यावर आवाज आला का, आला तर कसला. एवढं सगळं सांगून होईपर्यंत आपण तक्रार काय घेऊन आलो होतो तेच बोलणाऱ्याला आठवत नसे.

हा नियम गाडीपुरता नव्हता. शाळेच्या शिपायाने एकदा धावत येऊन घंटा चोरीला गेल्याचं सांगितलं. बाईंनी विचारलं, चोरी होताना पाहिली का? तो म्हणाला, नाही. मग काय पाहिलं? घंटा जागेवर नाही, एवढंच पाहिलं, असं त्याने बऱ्याच कष्टाने कबूल केलं. मग तेवढंच सांगा, असं म्हणून बाई पुन्हा वह्या तपासू लागल्या. घंटा संध्याकाळी सापडली. ड्रिलच्या मास्तरांनी ती स्नेहसंमेलनासाठी चंदेरी रंग द्यायला नेली होती. रंग दिल्यापासून ती वाजेनाशी झाली, ती गोष्ट वेगळी.

मी त्या शाळेत लागले तेव्हा नुकतीच बी.टी.ची, म्हणजे शिकवण्याची, पदवी घेतली होती. एकोणीसशे साठचं दशक अर्धंअधिक सरलेलं. मुलींची शाळा, नागपूरच्या उत्तर टोकाला छिंदवाडा रोडवर, टिनाच्या छपराची. मी मराठी आणि इतिहास शिकवायची. बाई विज्ञान शिकवत आणि उरलेल्या वेळात मुख्याध्यापिका असत. पन्नाशीच्या आसपासच्या, उंच, पांढऱ्या खादीच्या लुगड्याचा पदर कंबरेला घट्ट खोचलेला, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा आणि कंबरेच्या गाठीत एक कांदा. कांदा जवळ ठेवला की ऊन लागत नाही यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण आजवर कांदा जवळ होता आणि ऊन लागलं नाही, तेव्हा भर मे महिन्यात प्रयोग म्हणून तो काढून बघण्याची काही गरज नाही, असं त्या म्हणत.

गाडी त्यांनी आणली तीसुद्धा अशीच. कामठीच्या छावणीत जुन्या लष्करी सामानाचा लिलाव होता. तिथे टेबलं-बाकं स्वस्तात मिळतात असं संस्थेच्या कमिटीला कळलं आणि बाईंना बाकं आणायला पाठवलं. बाई संध्याकाळी पिकप घेऊन आल्या. आमच्याकडे अशा गाडीला डिस्पोजलची गाडी म्हणत. त्या गाडी चालवायला कधी शिकल्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कामठीहून येता येताच शिकल्या असाव्यात, असं पुढच्या बंपरकडे बघून वाटे.

कमिटीने जाब विचारला तेव्हा बाईंनी सांगितलं की बाकं आणून उपयोग नव्हता, कारण बाकांवर बसायला मुली नव्हत्या. मुली होत्या सावनेरच्या रस्त्यावरच्या गावांत. सातवीनंतर त्या घरी बसत, कारण मुलांच्या शाळेत पाठवायला घरचे तयार नसत आणि एस.टी.तून एकटीला नागपूरला कोण पाठवणार? गाडी गेली तर मुली येतील. आणि खरंच आल्या. त्या हिवाळ्यात बाई पहाटे उठून सावनेरपर्यंत जात आणि एकेका गावातून मुली गोळा करत येत. मी पुढे त्यांच्याशेजारी बसायची, कारण नवीन शिक्षिकेला नाही म्हणता येत नसे.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांची लाकूड चिरायची आरामशीन होती, मोठा धंदा. त्यांनी गाडीला ताडपत्रीचं छप्पर आणि दोन लाकडी बाकं करून दिली. नुसतीच दिली असती तर ते भाऊसाहेब कसले? जानेवारीच्या स्नेहसंमेलनात एका मंत्र्यांच्या मेहुण्याच्या हस्ते गाडीवर पाटी बसवण्यात आली. जाड लोखंडी पत्र्याची, निळ्या रंगावर पिवळी अक्षरं, गाडीच्या नाकावर या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. वर ‘मातोश्रींच्या पुण्यस्मरणार्थ’, खाली आईचं नाव, त्याखाली जरा मोठ्या अक्षरांत भाऊसाहेबांचं नाव, आणि खाली जागा उरली म्हणून आरामशीनचा पत्ता. समोरून गाडी येताना आधी भाऊसाहेब दिसायचे, मग आई, आणि अगदी जवळ आल्यावर कळायचं की लाकूड कुठे मिळतं.

होळी झाली आणि गाडीचं दुखणं सुरू झालं.

दुखणं विचित्र होतं. पहाटे गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. दुपारी मुलींना परत सोडायला निघालो की मात्र वाटेत एकदा थांबवून बंद केली की संपलं. पुन्हा किल्ली फिरवली तर सुरू व्हायची, आम्हाला आशा लावायची, दहा-पंधरा पावलं जायची, खोकायची आणि मरायची. मग बॉनेट उघडून अर्धा तास उभं राहायचं. गार झाली की जणू काही झालंच नाही अशी चालू लागायची. बाई शाळेत इतकं शुद्ध बोलत की इन्स्पेक्टरसुद्धा त्यांच्यापुढे क्रियापदं जपून वापरत. पण गाडीशी त्या आमच्याकडच्या बोलीतच बोलत. बॉनेटवर हात ठेवून म्हणत, “काहून वं, आता काय झालं तुले?”

गाडी उभी राहिली की माणसं जमत. नागपूरच्या माणसाला बंद गाडी आणि तिच्याजवळ उभी बाई एकत्र दिसली की त्याला अंगातून ज्ञान फुटतं. सायकलवाला उतरे, टांगेवाला थांबे, पानठेल्यावरून लोक उठून येत. कुणी म्हणे पेट्रोलमध्ये पाणी आहे, कुणी म्हणे बॅटरी बसली, एक गृहस्थ म्हणाले की बाईमाणसाच्या हाताला इंजिन मानत नाही. बाईंनी यावर एक नियम काढला होता. ज्याला सल्ला द्यायचा त्याने आधी मागे जाऊन धक्का द्यायचा. धक्का देऊन झाल्यावर सल्ला ऐकून घेतला जाईल. त्या गृहस्थांनी धोतराचा काचा मारून चांगला फर्लांगभर धक्का दिला आणि मग त्यांच्यात बोलायचा दम उरला नाही. दोन-चार आठवड्यांत त्या रस्त्यावरचे लोक आमची गाडी बंद पडलेली दिसली की मान खाली घालून निघून जाऊ लागले.

सदर भागात एक मिस्त्री होता. त्याचा आत्मविश्वास त्याच्या सगळ्या पान्यांपेक्षा मोठा होता. त्याने बॉनेटमध्ये डोकं घालायच्या आधीच सांगितलं, “बाईजी, कॉइल, कंडेन्सर, पंप, कार्बोरेटर, सब बदल डालो. फिर देखना.” बाई म्हणाल्या, सगळं एकदम बदललं आणि गाडी चालली, तर दोष कशात होता हे कसं कळणार? मिस्त्री म्हणाला, गाडी चालल्यावर कळून करायचं काय? या प्रश्नावर त्या दोघांचं अखेरपर्यंत जमलं नाही. बाईंच्या पद्धतीप्रमाणे एका वेळी एकच वस्तू बदलायची, आठवडाभर बघायचं, उपयोग नाही झाला तर जुनी वस्तू परत लावायची आणि मग पुढची घ्यायची. जुनी वस्तू परत लावताना मिस्त्रीचा चेहरा पाहवत नसे.

नववीच्या विज्ञानाचा तास त्या काळात गाडीभोवतीच व्हायचा. मुली अर्धवर्तुळात उभ्या राहत, बाई बॉनेट उघडत. कॉइल नवी घातली, गाडी बंद पडली. कॉइल सुटली. कंडेन्सर बदलला, गाडी बंद पडली. कंडेन्सरही सुटला. संस्थेचे चिटणीस वकील होते. त्यांनी गाडीला दृष्ट लागल्याचं सुचवलं आणि लिंबू-मिरची बांधायला सांगितली. आम्हाला वाटलं बाई त्यांना झाडणार. बाईंनी लिंबू-मिरची घेतली, बांधली, बरोबर एक आठवडा ठेवली आणि त्या आठवड्यात दुसरं काहीही बदललं नाही. गाडी बंद पडली. बाईंनी लिंबू सोडून चिटणिसांना परत केलं आणि सांगितलं की त्याच्याकडून काही होत नाही, पण त्याचा दोषही नाही.

पेट्रोलच्या नळीवर ओलं पोतं गुंडाळलं तेव्हा मात्र फरक दिसला. गाडी बंद पडायची, पण लवकर उठायची. त्या दिवशी बाई खुशीत होत्या. त्यांनी मुलींना समजावून सांगितलं की इंजिन इतकं तापतं की नळीतलं पेट्रोल आतल्या आत उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. चालत्या गाडीत वारा लागतो म्हणून निभावतं, थांबली की धग वर चढते. आता प्रश्न एकच उरला, की ती एवढी तापते काहून? याच बनावटीच्या गाड्या कामठीच्या छावणीत भर उन्हात फिरत होत्या. पण हा प्रश्न बाई सोडून कुणालाच पडला नाही. मार्च लागल्यावर तापणं याला नागपुरात कुणी लक्षण मानत नाही.

असं चाललेलं असताना रुळांवरचा प्रकार झाला.

सावनेरच्या रस्त्यावर छोट्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, रुळांचं एक फाटक होतं. त्या दुपारी फाटक बंद होतं, म्हणून बाईंनी इंजिन बंद केलं. आगगाडी तिच्या सवयीप्रमाणे रमतगमत गेली. फाटक उघडलं. आमची गाडी सुरू झाली, दहा-पंधरा पावलं गेली आणि नेमकी रुळांवर मेली. मुली उतरल्या, फाटकवाला आला, आम्ही सगळ्यांनी ढकलून ती पलीकडे नेली. पुढची आगगाडी संध्याकाळी होती. तोवर त्या रुळांवर एक गाय येऊन गेली, एवढंच.

पण मुली घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. पहिल्या गावात आगगाडी दुरून शिटी मारत होती. दुसऱ्या गावात ती हातभर अंतरावर थांबली. सावनेरला पोचेपर्यंत दोन मुलींना फाटकवाल्याने वेणी धरून ओढून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गेलो तर निम्म्या घरांची दारं उघडलीच नाहीत. बाई प्रत्येक दारासमोर उतरून उभ्या राहिल्या. लोक आदराने बोलले, पाणी दिलं, आणि मुलगी मात्र पाठवली नाही.

त्यातच वच्छला होती. सावनेरच्या अलीकडच्या गावातली, नववीतली. गाडीभोवतीच्या तासाला ती नेहमी पुढे उभी असायची आणि ‘काय दिसलं’ हे बाईंना हवं तसं सांगू शकणारी तीच एक होती. तिचे वडील दारात येऊन म्हणाले, “बाई, तुमच्यावर भरोसा आहे जी. गाडीवर नाही.” बाईंनी विचारलं, गाडी नीट झाली तर पाठवाल का? ते म्हणाले, पाठवू. बाई म्हणाल्या, मग थोडं थांबा.

ते थांबले, पण किती थांबणार? पावसाळा आला, हवा गार झाली, गाडी नीट चालली. मिस्त्रीने त्याचं श्रेय आपल्या कॉइलला दिलं आणि चिटणिसांनी आपण करवलेल्या एका अनुष्ठानाला. मुली मात्र परत आल्या नाहीत. बाई एक एक गोष्ट बदलून बघतच होत्या. ऑक्टोबरच्या उन्हात गाडी पुन्हा बंद पडू लागली, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर वच्छलाचंही लग्न झालं. सावनेरपलीकडे खाप्याला दिली. आम्हाला पत्रिका आली. बाईंनी ती वाचली, टेबलावर ठेवली, आणि मला म्हणाल्या, “माझी पद्धत बरोबर आहे. पण मुलींची लग्नं पद्धतीसाठी थांबत नाहीत.” त्या दिवशी त्यांनी नववीचा तास घेतला नाही.

पुढचा उन्हाळा आला. भाऊसाहेबांच्या आईची पुण्यतिथी चैत्रात असे. त्यासाठी पाटी नव्याने रंगवायची ठरली, पिवळ्याऐवजी सोनेरी अक्षरांत. पेंटर पाटी काढून घेऊन गेला आणि पेंटर जसे असतात तसा तो गेलाच. त्या काळात ऊन असं होतं की टिनाच्या छपराखाली खडूसुद्धा गरम लागायचा. आणि गाडी बंद पडेना. फाटकावर थांबली, बंद केली, सुरू केली, निघाली. मिस्त्री भेटायला येऊन म्हणाला, “देखा?” त्या सुमारास त्याने गाडीला हातही लावला नव्हता. ड्रिलच्या मास्तरांनी श्रेय ओल्या पोत्याला दिलं, चिटणिसांनी लिंबाला. आपण काहीही बदललेलं नसताना गाडी सुधारते, याचा बाईंना रागच आला होता.

पुण्यतिथीला पाटी परत आली. गाडी धुतली, हार घातला, पाहुणे जमले. भाऊसाहेबांनी आईबद्दल चार शब्द सांगितले, चिटणिसांनी भाऊसाहेबांबद्दल चाळीस. मग पाहुण्यांना बसवून गाडीने शाळेपासून नाक्यापर्यंत एक फेरी मारायची होती. बाईंनी फेरी मारली, शाळेसमोर आणून गाडी बंद केली. फोटोवाला म्हणाला, जरा पुढे घ्या, सावली येते. बाईंनी किल्ली फिरवली. गाडी दहा-पंधरा पावलं गेली, खोकली आणि मेली.

बाई खाली उतरल्या, गाडीसमोर गेल्या आणि त्या सोनेरी पाटीकडे बघत उभ्या राहिल्या. इतका वेळ की भाऊसाहेबांना वाटलं त्या भारावल्या. मग त्या वळल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. बाईंचे दात मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिले.

नंतर त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या स्वतःवर चिडलेल्या होत्या. पाटी बसली जानेवारीत, ऊन सुरू झालं मार्चमध्ये. दोन गोष्टी जवळजवळ एकदम बदलल्या, आणि त्यातली एक प्रत्यक्ष सूर्याने बदलली होती, म्हणून दुसरीकडे कुणी पाहिलंच नाही. पाटी नेमकी रेडिएटरसमोर होती. इंजिनला लागणारा वारा भाऊसाहेबांच्या मातोश्रींवर येऊन थांबत होता. तरीही बाईंनी लगेच निकाल दिला नाही. आठवडाभर एक दिवस पाटी लावून, एक दिवस काढून त्यांनी गाडी फिरवली. पाटी असली की बंद, नसली की सुरू. मग त्या कमिटीपुढे गेल्या.

ती सभा मला जन्मभर पुरेल. पाटी काढायची, हे वाक्य कुणी उच्चारेना. भाऊसाहेबांच्या देणगीवर शाळेचं छप्पर उभं होतं. शेवटी चिटणिसांनी वकिली तोडगा काढला. पाटी काढू नये, तिला वारा जाण्यापुरती भोकं पाडावीत. मग भोकं कुठे पाडायची यावर चर्चा सुरू झाली. आईच्या नावात पाडणं अशक्य, भाऊसाहेबांच्या नावात पाडणं त्याहून अशक्य. एक सभासद म्हणाले, अक्षरांच्या वरच्या मोकळ्या पट्टीत पाडा. तेव्हा मराठीची शिक्षिका म्हणून माझं मत विचारलं गेलं. मी सांगितलं की अक्षराच्या डोक्यावर भोक पडलं तर तो अनुस्वार वाचला जाईल. पत्त्यात ‘बागेजवळ’ आहे, त्याचं ‘बांगेजवळ’ होईल. यावर सभा गंभीर झाली. कोणत्या अक्षरावर अनुस्वार चालेल आणि कोणत्यावर अनर्थ होईल हे ठरवण्यासाठी उपसमिती नेमावी असा ठराव येत होता, तेवढ्यात भाऊसाहेब बोलले.

ते म्हणाले, “माझ्या मायले स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. कागद समोर आला का अंगठा लावे. म्हणून मी म्हटलं, तिचं नाव एकदा तरी मोठं लिहू. त्याले तुम्ही भोकं पाडून राहिले.”

भाऊसाहेबांना हसणारे आम्ही सगळे खाली बघू लागलो. बाई मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या.

“नाव काढू नका, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. “आत लावा. बाकांच्या वर.”

“आत कोण पाहीन?”

“पाहणारं कुणी नाही. मुली वाचतील.”

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे होकार दिला नाही. चार दिवसांनी ते शाळेत आले, धोतर सावरत गाडीच्या मागे चढले, बाकावर बसून बघितलं, मग समोरच्या बाकावर बसून बघितलं. मुली नेमक्या कुठे बसतात, त्यांची नजर कुठे जाते, हे विचारून घेतलं. मग आपला सुतार पाठवला. पाटी आत लागली. आरामशीनचा पत्ता तेवढा त्यांनी ताडपत्रीवर बाहेरून रंगवून घेतला. पत्त्याने वारा अडत नव्हता, त्यामुळे बाईंची हरकत नव्हती.

गाडी बरी झाली. मुली मात्र लगेच आल्या नाहीत, कारण गाडी बरी झाल्याची बातमी आगगाडीच्या बातमीसारखी पळत नाही. बाई घरोघर गेल्या आणि काही दारं उघडली. मे महिन्याच्या मध्यात एक दिवस त्या मला म्हणाल्या, चल, खाप्याला जाऊ. दुपारी बाराला निघायचं, असंही म्हणाल्या. मी विचारलं, एवढ्या उन्हात काहून? त्या म्हणाल्या, उन्हासाठीच.

खाप्याला वच्छलाचं सासर कन्हान नदीच्या बाजूला होतं. अंगणात सासूबाई बसल्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर अशी की माझी बी.टी.ची डिग्री खरी आहे का, हे त्या बघत असाव्यात. वच्छला दाराआड उभी होती, डोक्यावरून पदर. बाई म्हणाल्या, मी मुलीकडची म्हणून आले आहे, विहीणबाई. सासूबाईंना ते आवडलं की नाही कळलं नाही. त्यांनी बसायला चटई टाकली आणि पन्हं मागवलं.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. मुलगी हुशार आहे, दोन वर्षं दिली तर मॅट्रिक होईल, गाडी इथवर येईल, घरून नेईल, घरी आणून सोडेल. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“तुमची गाडी रुळावर बंद पडते म्हन्तात.”

“पडत होती. आता पडत नाही.”

“असं तर सारेच म्हन्तात.”

“मग तुम्ही स्वतः बघा,” बाई म्हणाल्या.

सासूबाई उठल्या. गाडी उन्हात उभी होती, बॉनेटला हात लावला तर चटका बसला असता. त्यांनी लावून बघितला आणि पदराने हात पुसला. करा सुरू, म्हणाल्या. गाडी सुरू झाली, अंगणाला वळसा घालून आली. सासूबाईंचं समाधान झालं नाही. आपल्या अंगणात काय, कोणीही चालते, असं म्हणून त्यांनी पायात वहाणा घातल्या, छत्री घेतली आणि पुढे येऊन बसल्या. मी मधे चेपले गेले.

गल्लीच्या टोकाला त्या म्हणाल्या, थांबा, बंद करा. तिथे त्यांच्या नणंदेचं घर होतं. त्या उतरून आत गेल्या. आम्ही उन्हात तापत बसलो, गाडीही तापत होती. चहा पिऊन त्या परत आल्या, करा सुरू म्हणाल्या. गाडी सुरू झाली. मग चुलत दिराच्या घरासमोर बंद करायला लावली. मग एका मावसबहिणीच्या. प्रत्येक ठिकाणी त्या आत जात, आणि घरातली माणसं बाहेर येऊन गाडी बघत. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर माझ्या लक्षात आलं की या परीक्षेत सासूबाईंच्या कित्येक वर्षांच्या राहिलेल्या भेटीगाठी उरकून निघत होत्या. बाई प्रत्येक वेळी किल्ली फिरवत होत्या. ओला पंचा केव्हाच वाळला होता.

असं करत करत आम्ही सावनेरच्या बाजूला त्याच फाटकापर्यंत आलो. फाटक बंद होतं. सासूबाईंनी सांगायच्या आधीच बाईंनी इंजिन बंद केलं. छोटी गाडी आली, तिच्या डब्यांतून लोक आमच्याकडे बघत गेले. फाटक उघडलं. बाईंचा हात किल्लीवर होता, आणि तो तिथेच थोडा वेळ राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सासूबाई समोर रुळांकडे बघत होत्या.

किल्ली फिरली. गाडी उठली, रुळांवर चढली, हादरली, पलीकडे उतरली आणि चालत राहिली. बाईंनी बऱ्याच अंतरावर नेऊन ती सावलीत थांबवली.

सासूबाईंनी छत्री मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. “सुनेले मागं नका बसवू,” त्या म्हणाल्या. “मागं धूळ लागते. पुढं बसवा. अन् बाजाराच्या दिवशी मले सावनेरपर्यंत न्या लागन.”

बाई म्हणाल्या, नेऊ.

जूनपासून गाडी खाप्याहून सुटू लागली. बाईंना आणखी अर्धा-पाऊण तास लवकर उठावं लागलं. वच्छला पुढे बसे, बाजाराच्या दिवशी सासूबाई पुढे बसत, आणि मी मागे मुलींमध्ये. सासूबाईंना दोनदा वाचून दाखवल्यावर भाऊसाहेबांच्या आईचं नाव पाठ झालं. मग त्या दर बाजाराला चढताना आत डोकावून तिला नमस्कार करत. भाऊसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी शाळेला सायन्सच्या खोलीसाठी सागाची कपाटं पाठवली. त्यांवर कुठेही पाटी नव्हती. बाईंनी चारी बाजूंनी बघून खात्री करून घेतली.

दोन वर्षांनी वच्छला मॅट्रिक झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः पेढे घेऊन एस.टी.ने नागपूरला आल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना पेढा दिला, मिस्त्री काही कामाने आला होता त्यालाही दिला. तो सवयीने म्हणाला की गाडी मीच दुरुस्त केली होती. सासूबाईंनी त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं.

“गाडी म्या पास केली,” त्या म्हणाल्या. “पोरगी बोर्डानं केली.”

बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि मान हलवली. त्यांना कुणाच्या निकालावर हरकत न घेताना मी तेवढं एकदाच पाहिलं.